धावणारे पाय, लिहिणारा हात

पहाटे पाचच्या आधी गडचिरोलीहून चामोर्शीच्या किंवा चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला लागा. अंधारात रस्त्याच्या कडेने पोरे-पोरी धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, मग १०० मीटर, मग गोळाफेक. उजाडले की हीच मुले अभ्यासिकेत जाऊन बसतात. २०२४ साली राज्यात पोलिसांच्या १७,४७१ जागा निघाल्या आणि अर्ज आले १७ लाखांच्या वर. ज्या घरात दोन एकर धान आणि तेंदूपत्त्याचा हंगाम एवढीच मिळकत, तिथे पोलीस भरती ही अख्ख्या घराची आशा असते. त्या मुलांविषयी मला आदर आहे. माझे भांडण आहे ते त्यांना जे सांगितले जाते त्याच्याशी.

त्यांना सांगितले जाते, ग्राउंड मार, बाकीचे होऊन जाईल. आईबाप हेच सांगतात, अकॅडमीतले सर हेच सांगतात, आणि खात्यातले अनुभवी लोकही हेच मानतात, की जंगलातल्या पोलिसाला पाय हवेत, छाती हवी आणि बंदूक धरणारा हात हवा. कायद्याची पुस्तके, तपासाचे शास्त्र, संगणक हे सगळे पुण्या-मुंबईच्या पोलिसाचे काम. या दोन जिल्ह्यांत हे मत इतके रुजले आहे की ते कोणी वाद म्हणून मांडतही नाही. म्हणून ते आधी नीट मांडतो आणि मग खोडतो.

हे मत पोकळ नाही. त्याच्यामागे रक्त आहे. १९९० च्या डिसेंबरात तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातल्याच साठ जवानांचे पथक उभे केले, त्याला आपण सी-६० म्हणतो. २००९ या एका वर्षात मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याच्या भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक गेला. याच दलाने एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया भागात माओवाद्यांचे कंबरडे मोडले, नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्यात त्यांचा नेता मिलिंद तेलतुंबडे याच्यासह मोठा गट संपवला. आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा नेता भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवून उभा राहिला. ज्यांना ही सगळी वर्षे आठवतात ते विचारतात, हे पदव्यांनी झाले काय? जो पोरगा पाठीवर ओझे घेऊन दोन दिवस डोंगर चढतो, त्याला साक्षीपुराव्याच्या कायद्याची कलमे कशाला?

यापेक्षाही एक वजनदार मुद्दा आहे आणि तो बहुधा शिकलेली माणसेच मांडतात. शिक्षणाची अट वाढवली तर एटापल्ली-भामरागडची माडिया आदिवासी मुले बाहेर पडतील आणि जागा जातील शहरांतल्या मुलांना. मग ज्या स्थानिकपणावर हे दल उभे राहिले तोच जाईल. या मुद्द्याला उत्तर द्यावेच लागेल, ते पुढे देतो.

आधी सी-६० चेच घेऊ. या पथकाचे यश पायांचे आणि बंदुकीचे होते, हे खरे की अर्धे खरे? तीच बंदूक राज्य राखीव दलाकडे होती, केंद्रीय राखीव दलाकडे होती. धावणारे, दमदार जवान त्यांच्याकडेही होते. २००९ मध्ये जे मारले गेले त्यांच्यात शौर्याची उणीव होती असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हटले तर ते पाप होईल. फरक वेगळ्या ठिकाणी होता. सी-६० चा जवान गावात शिरला की म्हातारीशी माडियात बोलायचा. कुठल्या नाल्याला पाणी कधी येते, कुठला आठवडी बाजार कुणाचा, कोणत्या गोटुलात कोण थांबतो, मोहफुले वेचायला बायका कोणत्या वाटेने जातात, हे त्याला माहीत असायचे. हे ज्ञान आहे, आणि मिळवायला अवघड ज्ञान आहे. शाळेत मिळत नाही म्हणून ते ज्ञान नव्हे असे कसे म्हणता येईल? खात्याला हे कळलेले आहे, म्हणून तर गडचिरोलीच्या भरतीत गोंडी आणि माडिया भाषेची परीक्षा घेतली जाते. म्हणजे ज्या पथकाकडे बोट दाखवून 'इथे शिक्षण लागत नाही' असे म्हटले जाते, ते पथक ज्ञान असलेल्या माणसांना निवडूनच तयार झाले.

खरी खंत पुढे आहे. हे ज्ञान जंगलात वापरले गेले. ठाण्याच्या टेबलावर ते फार थोडे पोचले.

एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या उपपोलीस स्टेशनात माडिया बाई तक्रार घेऊन येते असे समजा. ती माडियात सांगते. कोणीतरी जवान मराठीत उलगडून सांगतो. ठाणे अंमलदार ते पोलिसी मराठीत लिहितो, 'मी वरील ठिकाणी राहत असून शेतमजुरीची कामे करते'. बाईने दिवस सांगितला होता बाजाराच्या हिशेबाने, 'बाजार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी'. कागदावर येते तारीख, आणि ती कुणीतरी अंदाजाने घातलेली असते. अंतर तिने सांगितले होते चालण्याच्या हिशेबाने. कागदावर येतात किलोमीटर. वर्षाने ती बाई गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात उभी राहते आणि बचावाचे वकील विचारतात, तारीख हीच का? ती गोंधळते. साक्ष फुटली असे सगळे म्हणतात. ती फुटली होती त्या पहिल्या रात्रीच, टेबलावर.

व्हेरियर एल्विन यांनी शेजारच्या बस्तरातल्या मारियांच्या शंभर खुनांच्या न्यायालयीन नोंदी तपासून १९४३ मध्ये 'मारिया मर्डर अँड सुइसाइड' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दारू, जादूटोण्याचा संशय, घरातली कुरबूर, मत्सर ही खुनामागची कारणे त्यांनी एकेका प्रकरणातून मांडली. इंद्रावतीच्या अलीकडे भामरागडच्या डोंगरांत त्याच समाजाची भावकी, म्हणजे आपले माडिया, राहतात. ऐंशी वर्षांपूर्वी एका अभ्यासकाने न्यायालयाच्या दप्तरांत बसून जे शोधले ते आज भामरागड-एटापल्लीत नेमणूक होणाऱ्या प्रत्येक उपनिरीक्षकाच्या हाती असायला हवे. कारण प्रश्न संपलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे सात जणांना जादूटोण्याच्या संशयावरून भर चौकात बांधून मारले. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका स्त्रीला आणि एका पुरुषाला त्याच संशयावरून जाळून मारले. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याच राज्याने केला, त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूदही आहे. पण असा खून होण्याच्या आधी गावात काय काय घडते, कोणाच्या घरी लेकरू दगावते, कोणता पुजारी कोणाचे नाव घेतो, पंचायत कधी बसते, हे ज्याला कळते तोच खून थांबवू शकतो. तिथे धावण्याचा उपयोग शून्य. गाव पेटल्यावर धावत जाऊन पोलीस फक्त पंचनामा करतो.

आणि तोही नीट करतो का? या प्रश्नावर मला जरा थांबायचे आहे, कारण आपल्या जिल्ह्यांचा इतिहासच इथे साक्षीला उभा आहे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, म्हणजे आपली वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होती. गडचिरोली जिल्हा झाला तो पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तिथल्या पोलीस चौकीत एका आदिवासी अल्पवयीन मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. सारा देश तिला 'मथुरा' या नावाने ओळखतो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत म्हणजे विरोध नाही, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला; कोठडीतल्या बलात्काराला वेगळी शिक्षा आली, आणि अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे ही तरतूद आली. भारतीय साक्ष अधिनियमाच्या १२० व्या कलमात ती आजही आहे.

देशातल्या प्रत्येक विधी महाविद्यालयात हा खटला शिकवतात. दिल्लीतल्या, बंगळुरूच्या मुलांना देसाईगंजचे नाव माहीत आहे. मला प्रश्न पडतो तो हा, की चामोर्शीच्या रस्त्याने पहाटे धावणाऱ्या मुलीला ते माहीत आहे का? उद्या तीच ठाण्याच्या महिला कक्षात बसणार आहे. तिच्या समोर येणाऱ्या पोरीला जो कायदा वाचवतो तो इथल्याच एका पोरीच्या दुःखातून निघाला, हे तिला कोणी सांगितले आहे का? 'महाराष्ट्राची राजधानी कोणती' या प्रश्नासाठी ती दहा पुस्तके पाठ करते. हे पुस्तक तिच्या हातात कोणी दिलेले नाही.

दुसरा खटला अलीकडचा आणि जास्त अवघड. प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांविरुद्धचा माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपाचा गुन्हा अहेरी ठाण्यात २०१३ मध्ये नोंदला गेला. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने साईबाबांना जन्मठेप दिली. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने सगळ्यांना मोकळे केले. कारण बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या ४५ व्या कलमाखालची पूर्वमंजुरी साईबाबांच्या बाबतीत न्यायालयाने खटल्याची दखल घेतल्यानंतर आली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा ऐकायला पाठवले. ५ मार्च २०२४ रोजी दुसऱ्या खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. मंजुरी तर सदोष होतीच. शिवाय घरझडती, जप्ती आणि संगणकातला पुरावा यांपैकी कशावरही न्यायालयाचा विश्वास बसला नाही. झडतीला नेलेला पंच निरक्षर होता, याचीही न्यायालयाने नोंद घेतली.

या खटल्याविषयी वाचकांची मते टोकाची असतील. मी इथे कोणाचीच बाजू घेत नाही, कारण माझा मुद्दा दोन्ही बाजूंना सारखाच लागतो. तुम्ही त्यांना दोषी मानत असाल, तर तपासाच्या कागदाने त्यांना सोडवले. निर्दोष मानत असाल, तर त्याच कागदाने नव्वद टक्के अपंग असलेल्या माणसाच्या आयुष्याची दहा वर्षे खाल्ली. सुटकेनंतर सात महिन्यांत, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, ते वारले. कसाही विचार करा, जबाबदारी येऊन पडते ती पंचनाम्यावर, मोहोरबंद पाकिटावर, मंजुरीच्या तारखेवर. त्या ठिकाणी जगातला सर्वांत वेगवान धावपटू असता तरी त्याचा उपयोग नव्हता.

'अहो, हे वरच्या अधिकाऱ्यांचे काम, शिपायाचे नाही', असे इथे म्हटले जाईल. दोन गोष्टी लक्षात घ्या. घटनास्थळी पहिला पाय शिपायाचाच पडतो. पुरावा राहतो की तुडवला जातो हे त्याच क्षणी ठरते. आणि राज्याने २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद वगळून शिपायाची उपनिरीक्षकापर्यंत जाण्याची वाट जवळची केली. म्हणजे आज जो गोळा फेकतो आहे तो निवृत्तीच्या आधी तपासी अंमलदार होणार, हे शासनानेच ठरवले आहे. पद त्याच्यापर्यंत आणून ठेवले. विद्या आणून ठेवली का?

आता तो वजनदार मुद्दा, शिक्षणाच्या अटीने माडिया मुले बाहेर पडतील हा. ही भीती खरी आहे आणि म्हणूनच मी भरतीची अट वाढवा असे म्हणतच नाही. दार आहे तेवढे रुंद राहू द्या, जमल्यास आणखी रुंद करा. पण आत आलेल्या मुलाला शिकवायचेच नाही, तो 'लढवय्या' आहे म्हणून त्याला आयुष्यभर जंगलातच फिरवायचे, ही त्या मुलावरची माया नाही. ती त्याची उपेक्षा आहे. शेजारच्या छत्तीसगडात याचे टोक गाठले गेले होते. तिथे पाचवी शिकलेल्या आदिवासी तरुणांना दोन महिने शिकवून विशेष पोलीस अधिकारी केले आणि बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. दोन महिन्यांच्या वर्गात ही मुले दंडसंहिता, पुरावा, स्वसंरक्षणाची मर्यादा शिकली असे राज्य म्हणते, यावर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. शिक्षण नसलेल्या तरुणाला पुढे करून राज्य त्याचाही जीव धोक्यात घालते आणि गावकऱ्याचाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. महाराष्ट्राने छत्तीसगडची ती वाट धरली नाही. सी-६० चे जवान नियमित पोलीस आहेत, त्यांना पगार, पद, पेन्शन आहे. हा आपला मोठेपणा. तो अर्ध्यावर सोडू नये.

माडिया मुलगा शिकू शकत नाही, ही समजूत तर हेमलकशाने केव्हाच खोडली. १९७३ च्या डिसेंबरात तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्यातून डॉक्टर झाले, शिक्षक झाले. भामरागड तालुक्यातले लालसू नोगोटी माडियांतले पहिले वकील झाले आणि २०१७ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले. ज्या समाजातून वकील निघाला त्याच समाजातून तपासी अधिकारी निघणार नाही, असे मानण्याला आधार काय?

पुढचे काम तर पूर्वीपेक्षा अधिक शिक्षणाचे आहे, हे ओळखायला फार दूरदृष्टी लागत नाही. केंद्राने नक्षलवाद संपवायला ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली, तेव्हापासून 'आता गडचिरोलीचे काम झाले' असे बोलले जाऊ लागले. माझ्या मते पोलिसाचे मूळ काम आता सुरू होते आहे. इतकी वर्षे इथला पोलीस पोलीस कमी आणि सैनिक जास्त होता. ठाण्याभोवती काटेरी कुंपण, वाळूच्या गोण्या, मोर्चेबंदी. रात्री तक्रार द्यायला येणाऱ्या माणसाला दार उघडताना भीती वाटावी अशी ती परिस्थिती होती. दोष कोणाचा नव्हता. ती भीती ओसरते आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये वांगेतुरीचे पोलीस मदत केंद्र चोवीस तासांत उभे केले गेले, ही कौतुकाचीच गोष्ट. तपास करणारा माणूस मात्र चोवीस तासांत उभा राहत नाही. त्याला वर्षे लागतात.

काय येते आहे ते बघा. सुरजागडचे लोहखनिज घेऊन आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने अजस्र ट्रक धावतात आणि रस्त्यावर माणसे मरतात. २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो नीट भरला गेला तर विधवेला भरपाई मिळते, नाही तर ती दहा वर्षे वकिलाच्या दारात. तेंदूपत्ता आणि बांबूचे पैसे आता खात्यावर येतात, म्हणजे फसवणारा जंगलात न येताही चोरी करतो. १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन गेला तर पैसे गोठवता येतात. हे गावात सांगणार कोण, आणि कोणत्या भाषेत? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. एका जिल्ह्यात गुन्हा असलेली बाटली वैनगंगा ओलांडली की परवान्याची होते. अशा सीमेवरची प्रकरणे न्यायालयात टिकवणे हे चिकाटीने लिहिण्याचे काम आहे.

वनखात्याची गोष्टही वेगळी नाही, आणि या दोन जिल्ह्यांत वनरक्षक हा पोलिसाइतकाच कायद्याचा रखवालदार आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात गणनेसाठी पायी निघालेली एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. तिचे धैर्य कोण विसरेल? पण वाघ मारणारी टोळी नुसत्या धैर्याने सापडत नाही. २०२५ च्या जानेवारीत राजुरा परिसरात शिकाऱ्यांची टोळी पकडली गेली आणि पैशांच्या व्यवहारांचा माग काढत तपास थेट शिलाँगपर्यंत पोचला. तो माग पायांनी नव्हे, बँकेच्या नोंदींवरून काढला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ५० व्या कलमाने सहायक वनसंरक्षकाला पुरावा नोंदवण्याचा अधिकार दिला आहे. आरोपीच्या समोर नोंदवलेला असा पुरावा न्यायालयात ग्राह्य ठरतो. एवढा मोठा अधिकार पोलिसालाही नाही. तो पेलायला कायदा यायला हवा.

आणि सगळ्यांवर १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तीन नवे कायदे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता सक्तीचे आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले आहे. ते टप्प्याटप्प्याने अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची सवलत आहे. मोबाइलमधला पुरावा द्यायचा तर त्याच्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे त्या फायलीचा अंकी ठसा, नोंदवावा लागतो. हे सगळे कुणी शहरात बसून ठरवले असेल, पण लागू भामरागडलाही आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. त्या दिवशी खून झाला तर तज्ज्ञ कुठून येणार? तिथे हजर असेल तो आपलाच जवान. रक्ताचा डाग कसा उचलायचा, कशात ठेवायचा, कुणाकडून कुणाकडे गेला हे कसे लिहायचे, चित्रीकरण नेटवर्क नसताना कसे जपायचे, हे त्याला येत असेल तर न्याय होईल. म्हणजे 'जंगलातल्या पोलिसाला कमी शिक्षण चालते' हे म्हणणे नेमके उलटे आहे. शहरातल्या शिपायाच्या मदतीला तासाभरात तज्ज्ञ येतो. जंगलातल्या शिपायाला स्वतःच तज्ज्ञ व्हावे लागते.

नव्या कायद्यात आपल्यासाठी एक मोठी संधीही आहे. साक्षीदाराचा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करायला कायद्याने मुभा दिली आहे. मग माडिया बाईचा जबाब माडियातच मुद्रित करा. भाषांतर जोडा, पण मूळ आवाज जपा. पुढे तारखेचा घोळ झाला तर न्यायाधीश मूळ शब्द ऐकवून घेऊ शकतील. यासाठी लागतो माडिया जाणणारा आणि कायदाही जाणणारा पोलीस. असा पोलीस महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात तयार होऊ शकत नाही. फक्त इथेच होऊ शकतो.

'गडचिरोलीला टाकीन' ही धमकी राज्यभर चालते. दीडपट वेतन देऊनही नेमणुकीकडे शिक्षा म्हणून पाहिले जाते, आणि बाहेरून आलेला अधिकारी भाषा कानावर बसायच्या आत परत जातो. गाव मात्र तिथेच राहते, शिपाईही तिथेच राहतो. म्हणून शिकवायचे तर त्यालाच.

गडचिरोली पोलिसांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत, ती नाकारणे अन्याय होईल. 'पोलीस दादालोरा खिडकी'तून ठाण्यातच दाखले आणि योजनांचे अर्ज मिळू लागले, 'एक गाव, एक वाचनालय' या उपक्रमातून गावांत पुस्तके गेली. पोलीस जर गावासाठी वाचनालय उघडू शकतात, तर पोलिसांसाठी वर्ग का उघडू शकत नाहीत? १९०६ मध्ये भांबुर्ड्यात पोलिसांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. गेली शंभरावर वर्षे महाराष्ट्राचा पोलीस अधिकारी नाशिकला घडतो. तिथला अभ्यासक्रम उत्तम असेल. त्यात माडिया नाही, ग्रामसभा नाही, लेखा-मेंढ्याला २००९ मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क नाही, बारसेवाडा नाही. ते इथेच शिकवावे लागेल.

माझी मागणी स्पष्ट आहे. गोंडवाना विद्यापीठाने, दोन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांनी आणि वनखात्याने मिळून सेवेत असलेल्या शिपायांसाठी आणि वनरक्षकांसाठी तपास, पुरावा आणि आदिवासी समाज या विषयांचा पदविका अभ्यासक्रम सुरू करावा. वर्ग रजेच्या दिवशी नको, ड्युटी म्हणून असावा. शिकवायला सरकारी वकील, न्यायवैद्यक शास्त्राचे जाणकार आणि माडिया-गोंडी जाणणारे म्हातारे असावेत. ज्या सी-६० जवानांचे गुडघे आता डोंगर चढू देत नाहीत त्यांना पहिल्या तुकडीत घ्यावे. त्यांच्याजवळ असलेली माहिती नागपूर-मुंबईच्या कुठल्याही ग्रंथालयात नाही. आणि अकॅडमीच्या सरांना हात जोडून विनंती, की ग्राउंड संपल्यावर रोज अर्धा तास मुलांना एक खरा खटला सांगा. पहिला देसाईगंजचा सांगा.

विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे, पोलीस मुख्यालयही गडचिरोलीतच आहे. येत्या जूनमध्ये पहिला वर्ग भरायला हवा.